कालप्रवासाच्या कथा आणि कुमार वाचक

गेलेला क्षण परत येत नाहीं, असें घरांतील वडील मंडळी मुलांना नित्य सांगत असतात. ‘बुंदसे गयी सो हौदसे नहीं आती’ ही म्हणहि त्याच अर्थाची. अगदीं लहान मुलाला हा उपदेश कळत नाहीं, कारण त्याला काल आणि उद्यां यांचें फारसें सोयरसुतक नसतें. प्रौढाला तो करण्याची गरज उरत नाहीं, कारण अनुभवानें त्याला तो धडा पुरेपूर शिकविलेला असतो. प्रश्न उरतो तो या दोहोंच्या मधल्या वयाचा. बारा ते सोळा-सतरा या वयांत मनुष्याला पहिल्यानेंच असें उमगूं लागतें कीं आपल्या हातून घडलेली एखादी गोष्ट कायमची घडून गेलेली आहे. जिवलग मित्राला बोललेला कठोर शब्द, आजीच्या शेवटच्या दुखण्यांत तिच्याजवळ बसण्याचा केलेला कंटाळा, भीतीपोटीं सांगितलेली एखादी खोटी गोष्ट, यांपैकीं कांहींहि पाटीवरील अक्षराप्रमाणें पुसतां येत नाहीं. नेमक्या याच वयाच्या वाचकांच्या हातीं गेल्या सव्वाशे वर्षांत कालप्रवासाच्या कथा मोठ्या संख्येनें आल्या, हा केवळ योगायोग नव्हे.

सुशिक्षित कुटुंबांतून या कथांविषयीं दोन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं जें घडणें शक्यच नाहीं त्याच्या वर्णनांत मुलांचा वेळ फुकट जातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्राची कळ दाबावी, मागें जावें आणि झालेली चूक दुरुस्त करून यावी, असें वाचण्याची संवय लागलेला मुलगा आपल्या कृत्याची जबाबदारी घ्यावयास कसा शिकणार? आक्षेप विचार करण्यासारखे आहेत. त्यांचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां प्रत्यक्ष पुस्तकें उघडून देणें बरें.

काळाच्या उलटसुलट गतीची कल्पना भारतीय श्रोत्यांना नवीन नाहीं. भागवताच्या नवव्या स्कंधांत ककुद्मी राजाची कथा आहे. आपली कन्या रेवती हिला योग्य वर कोणता, हें विचारण्यासाठीं तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून तो क्षणभर थांबला. आणि तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं. त्यानें मनांत योजिलेले वर, त्यांचे पुत्र आणि पौत्र, इतकेंच नव्हे तर त्यांचीं नांवेंहि नाहींशीं झालीं होतीं. पुढें रेवतीचा विवाह बलरामाशीं झाला. या कथेंत काळाचा चमत्कार आहे, पण राजाकडे त्याचा दोष नाहीं. काळ त्याच्यावर ओढवला. त्यानें तो निवडला नव्हता.

एच. जी. वेल्स यांनीं १८९५ सालीं ‘द टाइम मशीन’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हां येथेंच फरक पडला. या कथेचा नायक एका यंत्राच्या खोगिरावर बसतो, कळ ओढतो आणि इ. स. ८,०२,७०१ या वर्षीं जाऊन पोंचतो. निद्रा नाहीं, शाप नाहीं, देवाची कृपा नाहीं. प्रवास करावयाचा कीं नाहीं, कोठें थांबावयाचें, कोणाला मदत करावयाची, हें सर्व त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. यंत्राबरोबर कथेंत इच्छा आली, आणि इच्छेबरोबर जबाबदारी आली. वेल्स यांच्या कथेंत भविष्यकाळीं मानवजातीच्या दोन जाती झालेल्या आढळतात. जमिनीवर बागडणारे, नाजूक, निरुद्योगी एलॉय; आणि जमिनीखालीं यंत्रें चालविणारे, रात्रीं वर येऊन एलॉयांनाच भक्ष्य करणारे मॉरलॉक. लेखकाचा रोख स्पष्ट आहे. श्रमणारा वर्ग आणि सुखांत राहणारा वर्ग यांच्यामधील भिंत पिढ्यान् पिढ्या उंच होत गेली, तर शेवटीं काय होईल, याचें तें चित्र आहे. आजच्या कृतीचा परिणाम लक्षावधि वर्षांनीं कोणाला तरी भोगावा लागेल, हा विचार या प्रकारच्या कथेंत पहिल्यापासून आहे. ही कादंबरी मुलांसाठीं लिहिलेली नव्हती. पण पुढें मुलांनीं ती आपलीशी केली.

मुलांसाठीं ही वाट ईडिथ नेस्बिट या इंग्रज लेखिकेनें मोकळी केली. १९०६ सालच्या त्यांच्या ‘द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट’ या पुस्तकांत चार भावंडें एका ताइताच्या साहाय्यानें प्राचीन मिसर, बाबिलोन अशा ठिकाणीं जाऊन येतात. एके प्रसंगीं तीं गॉलच्या किनाऱ्यावर ज्यूलियस सीझरच्या छावणींत पोंचतात आणि बालसुलभ अभिमानानें आपल्या देशाच्या वैभवाचें वर्णन त्याला रंगवून सांगतात. परिणाम असा होतो कीं सीझर ब्रिटनवर स्वारी करण्याचा निश्चय करतो. इ. स. पूर्वीं ५५ मधील ती स्वारी शाळेंतील प्रत्येक इंग्रज मुलाला पाठ असते. आणि ती आपल्याच बडबडीमुळें झाली हें कळल्यावर या मुलांची जी त्रेधा उडते, ती वाचून हंसूं येतें. मात्र त्या हंसण्याच्या तळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. भूतकाळांत गेलेला मनुष्य इतिहास बदलतो, कीं जो इतिहास घडलाच होता त्यांतला आपला वाटा पुरा करून येतो?

या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें देऊन पुढील लेखकांनीं निरनिराळ्या प्रकारच्या कथा रचल्या. त्या उत्तरांवरूनच त्यांची वर्गवारी करणें सोयीचें आहे.

पहिलें उत्तर असें कीं भूतकाळ बदलतां येतो, आणि म्हणूनच त्याला हात लावूं नये. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची ‘अ साउंड ऑफ थंडर’ ही १९५२ सालची कथा या पक्षाची प्रमुख साक्षीदार आहे. ती शाळांसाठीं काढलेल्या कथासंग्रहांतून वारंवार छापली गेली आहे. भविष्यकाळांतील एक व्यापारी मंडळी श्रीमंत शिकाऱ्यांना कोट्यवधि वर्षें मागें नेऊन अजस्र सरड्यांची शिकार करवीत असते. जो प्राणी पुढच्याच क्षणीं झाड अंगावर पडून मरणार होता, तेवढाच मारावयाचा. आणि जमिनीपासून उंच बांधलेल्या वाटेवरून पाऊल खालीं पडूं द्यावयाचें नाहीं, असा कडक नियम. एक शिकारी भ्यायलेल्या स्थितींत वाट सोडतो. परत आल्यावर कचेरीच्या पाटीवरील शब्दांचें शुद्धलेखन बदललेलें दिसतें आणि निवडणुकींत पडलेला हुकूमशाही वृत्तीचा उमेदवार निवडून आलेला असतो. शिकाऱ्याच्या बुटाला चिकटलेल्या चिखलांत एक मेलेलें फुलपांखरूं सांपडतें.

ही निव्वळ कल्पना म्हणून सोडून देतां येत नाहीं. १९६१ सालीं एडवर्ड लोरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ गणकयंत्रावर हवेच्या हालचालीचें गणित करीत होते. ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं त्यांनीं ०.५०६ एवढाच आंकडा यंत्राला दिला. दहा हजारांत एक भागाहून थोडा अधिक एवढाच तो फरक. परंतु कांहीं काळानें गणितांतील हवामान पहिल्या उत्तराशीं कसलाहि संबंध नसल्यासारखें वागूं लागलें. १९७२ सालीं त्यांनीं दिलेल्या व्याख्यानाच्या मथळ्यांत ब्राझीलमधील फुलपांखराच्या पंखांचा आणि टेक्ससमधील वादळाचा उल्लेख होता. लहान कारणापासून मोठें कार्य निघूं शकतें, या गोष्टीला शास्त्राचा असा आधार आहे. तरीहि या पक्षांत एक उणीव राहते. प्रत्येक पावलाखालीं फुलपांखरूं मरणार असेल, तर शहाण्या माणसानें चालूंच नये असें ठरेल. भीति ही सावधपणाची आई असेल. पण ती कर्तव्याची आई होऊं शकत नाहीं.

दुसरें उत्तर अगदीं उलट टोंकाचें आहे. भूतकाळ बदलतांच येत नाहीं. अ‍ॅलिसन अटली यांची ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’ ही १९३९ सालची कादंबरी या पक्षाची. विसाव्या शतकांतील पेनेलोपी नांवाची मुलगी डर्बीशर परगण्यांतील एका जुन्या शेतघरांत राहावयास जाते आणि दार उघडतां उघडतां सोळाव्या शतकांत पाऊल टाकते. त्या घरचा तरुण धनी अँथनी बॅबिंग्टन हा कैदेंत असलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीला सोडविण्याच्या खटपटींत आहे. बॅबिंग्टनला १५८६ सालीं देहान्त शिक्षा झाली आणि १५८७ सालीं राणीचा शिरच्छेद झाला, हें पेनेलोपीनें इतिहासांत वाचलेलें आहे. तिच्याशीं प्रेमानें वागणारीं, तिच्याबरोबर जेवणारीं हीं माणसें कोणत्या शेवटाकडे चाललीं आहेत, हें तिला ठाऊक आहे, आणि तिच्या हातीं कांहींच नाहीं. येथें कालप्रवासाचा परिणाम जगावर होत नाहीं. तो प्रवास करणाऱ्या मुलीच्या मनावर होतो. सनावळी पाठ करणें आणि त्या सनावळींतील माणसांबद्दल दुःख होणें यांत किती अंतर आहे, हें ज्या मुलाला या पुस्तकानें शिकविलें, त्याचा इतिहासाचा अभ्यास पुढें कोरडा राहावयाचा नाहीं. पण या पक्षालाहि एक धोका आहेच. सर्वच आधीं ठरलेलें असेल, तर धडपड कशासाठीं करावी, असें कोंवळें मन विचारूं शकतें. दैववादाची शिकवण द्यावयास आपल्याकडे कालयंत्राची गरज कधींच भासली नव्हती.

तिसरें उत्तर या दोहोंच्या मधून वाट काढतें, आणि या प्रकारांतील उत्तमोत्तम कुमार-कादंबऱ्या याच वाटेवर आढळतात. त्यांचें म्हणणें असें कीं झालेला इतिहास बदलत नाहीं हें खरें. परंतु तो तसा झाला यांत प्रवाशाच्या कृतीचाहि वाटा होता. त्यानें ती कृति केली म्हणूनच इतिहास तसा घडला.

फिलिपा पिअर्स यांच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ या १९५८ सालच्या कादंबरींत याचें एक नमुनेदार उदाहरण आहे. धाकट्या भावाला गोवर आला म्हणून टॉमला काकांच्या घरीं पाठविण्यांत आलेलें असतें. त्या वाड्याच्या भाडेकरूंसाठीं पाडलेल्या खोल्या, मागें कचऱ्याच्या डब्यांची जागा. पण रात्रीं जुनें घड्याळ तेरा ठोके देतें, आणि मागचें दार उघडतांच तेथें गत शतकांतील भव्य बाग दिसते. बागेंत त्याला हॅटी नांवाची पोरकी मुलगी भेटते. टॉमच्या रात्री एकामागून एक जातात, तों हॅटीचीं वर्षें भराभर सरतात. तो तिला सांगतो कीं तुझ्या बर्फावरून घसरण्याच्या पादुका खोलींतील फळीखालीं लपवून ठेव. आपल्या काळीं येऊन तो ती फळी उचलतो, तर पादुका तेथें वाट पाहत असतात. पुढें गोठलेल्या नदीवरून तीं दोघें बरोबर घसरत जातात. दोघांच्या पायांत पादुकांचा एकच जोड. कोडें मजेचें आहे, पण त्याचें मर्म मजेपलीकडचें आहे. हॅटीनें एकदां दिलेला शब्द पाळला. त्या एका पाळलेल्या शब्दामुळें दोन काळ जोडले गेले.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरमालेंतील १९९९ सालचें तिसरें पुस्तक जादूचें आहे, विज्ञानाचें नव्हे. तरी त्यांतील कालप्रवासाचा प्रसंग तर्काच्या दृष्टीनें पुष्कळ विज्ञानकथांहून अधिक कांटेकोर आहे. संकटांत सांपडलेल्या हॅरीला सरोवराच्या पलीकडून कोणीतरी वांचवितो. तो आपला मृत पिताच असावा असें त्याला वाटतें. तीन तास मागें जाऊन तो त्याच काठावर पित्याची वाट पाहत उभा राहतो. कोणीच येत नाहीं. आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं ज्याला पाहिलें तो आपणच होतों. पित्यानें येऊन सोडवावें ही मुलाची अपेक्षा, आणि सोडविणारा आपल्यालाच व्हावें लागतें ही तरुणाची जाणीव, यांमधील अंतर त्या काठावर तो ओलांडतो. आक्षेपकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावें असें हें स्थळ आहे. येथें कालप्रवास जबाबदारींतून सुटण्याचें साधन नाहीं. जबाबदारी उचलण्याची ती जागा आहे.

रिबेका स्टेड यांच्या ‘व्हेन यू रीच मी’ या २००९ सालच्या कादंबरीला पुढील वर्षीं अमेरिकेंतील बालवाङ्मयाचें न्यूबेरी पदक मिळालें. कथा न्यूयॉर्क शहरांत १९७८-७९ सालीं घडते. मिरांडा नांवाच्या मुलीला अज्ञात व्यक्तीच्या चिठ्ठ्या येऊं लागतात. त्यांत अजून न घडलेल्या गोष्टी लिहिलेल्या असतात. तिच्या गल्लीच्या कोंपऱ्यावर एक वेडसर वाटणारा म्हातारा उभा असतो. त्याला सारींजणें टाळतात. एके दिवशीं तिचा मित्र सॅल भरधांव मोटारट्रकपुढें येतो, तेव्हां तोच म्हातारा त्याला लाथेनें दूर ढकलतो आणि स्वतः चाकाखालीं सांपडून मरतो. नंतर उलगडा होतो. तिच्याच वर्गांतील मार्कस नांवाचा हुशार मुलगा म्हातारपणीं परत आलेला असतो. सॅल त्या दिवशीं रस्त्यावर धांवला तो मार्कसला भिऊन, म्हणून ती चूक सुधारण्यासाठीं त्यानें आयुष्य खर्चून ही वाट शोधलेली असते. एक जीव वांचला, पण त्याची किंमत दुसऱ्यानें आपल्या जिवानें भरली. फुकट दुरुस्ती या जगांत नाहीं, हेंच पुस्तक सांगतें.

याच कादंबरींत मुलें मॅडलिन लेंगल यांच्या १९६२ सालच्या ‘अ रिंकल इन टाइम’ या गाजलेल्या पुस्तकावर वाद घालतात. त्यांतील मंडळी निघाल्याच्या पांच मिनिटें आधीं परत येणार असतील, तर निघतांना त्यांना आपणच परत आलेले दिसावयास हवे होते, असा मार्कसचा मुद्दा. अकरा-बारा वर्षांचीं मुलें कार्यकारणाच्या सूक्ष्म प्रश्नावर अशीं हट्टानें भांडतात, हें दृश्य अनेक घरांत प्रत्यक्षहि पाहावयास मिळतें. तर्कशास्त्राचा पहिला धडा पुष्कळांनीं पाठ्यपुस्तकाऐवजीं अशा भांडणांतच गिरविला असेल.

स्वतः लेंगल यांनीं पुढें १९७८ सालच्या ‘अ स्विफ्टली टिल्टिंग प्लॅनेट’ मध्यें निराळा मार्ग धरला. एक हुकूमशहा जगावर अण्वस्त्रें टाकण्याच्या बेतांत आहे. चार्ल्स वॉलेस हा मुलगा भूतकाळांत जातो. पण त्या हुकूमशहाच्या पूर्वजाला मारावयास नव्हे. तो निरनिराळ्या काळांतील माणसांच्या अंतरंगांत राहतो. एखाद्या घराण्यांत जेथें द्वेष आणि सलोखा यांच्यामध्यें निवड करावयाची होती, तेथें त्या माणसाचें पारडें सलोख्याकडे झुकतें, आणि पिढ्यान् पिढ्यांनंतर जन्मणारा पुरुषच निराळा होतो. येथें भूतकाळ बदलतो, तरी ब्रॅडबरी यांच्या कथेंतील भीति येथें नाहीं. लहान कृतीनें जग बिघडूं शकतें हें खरें असेल, तर लहान कृतीनें तें सुधारूंहि शकतें, हें या पुस्तकानें दाखविलें.

आतां पहिल्या आक्षेपाकडे, म्हणजे हें सारें अशक्य आहे या म्हणण्याकडे वळलें पाहिजे. भूतकाळांत जाण्याबाबत शास्त्रज्ञ साशंक आहेत. १९४९ सालीं कुर्ट ग्यॉडेल या गणितज्ञानें आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असें एक फिरतें विश्व काढून दाखविलें कीं ज्यांत प्रवासी आपल्याच भूतकाळीं येऊन पोंचूं शकेल; पण आपलें विश्व तशा प्रकारचें नाहीं. मागें जाऊन कोणी आपल्या आजोबांनाच त्यांच्या लग्नाआधीं मारलें, तर मारणारा जन्मला कसा, हें कोडें प्रसिद्धच आहे. इगोर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं असा प्रवास शक्य असला, तरी त्यांत परस्परविरोधी घटना घडूंच शकणार नाहींत. पिअर्सबाईंच्या पादुकांची गोष्ट याच नियमांत बसते. उलट स्टीफन हॉकिंग यांनीं १९९२ सालीं असें अनुमान मांडलें कीं निसर्गनियमच असला प्रवास होऊं देत नसावेत. २००९ सालीं त्यांनीं केंब्रिजमध्यें कालप्रवाशांसाठीं एक मेजवानी ठेविली आणि तिचें निमंत्रण मेजवानी उरकल्यावर प्रसिद्ध केलें. पाहुणा एकहि आला नाहीं.

भविष्यकाळाकडे जाण्याची गोष्ट मात्र निराळी. वेगानें जाणाऱ्या घड्याळाचा काळ मंद चालतो, हें आइन्स्टाइननें १९०५ सालीं सांगितलें. १९७१ सालीं हॅफेले आणि कीटिंग या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सीझियम धातूचीं अत्यंत अचूक घड्याळें प्रवासी विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं. घरीं राहिलेल्या घड्याळांशीं तीं ताडून पाहिलीं, तेव्हां पूर्वेकडे गेलेलीं घड्याळें एका सेकंदाच्या सुमारें ५९ अब्जांश भागानें मागें पडलेलीं, तर पश्चिमेकडे गेलेलीं सुमारें २७३ अब्जांश भागानें पुढें गेलेलीं आढळलीं. हातांतल्या दूरध्वनीवर रस्ता दाखविणारे जे उपग्रह आहेत, त्यांच्या घड्याळांत वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोहोंचा मिळून दररोज सुमारें ३८ दशलक्षांश सेकंदांचा फरक पडतो. तो हिशेबांत धरला नाहीं, तर रस्ता चुकेल. ककुद्मीचा क्षण अतिशयोक्तीचा असेल; परंतु सर्वांचा काळ एकाच गतीनें चालत नाहीं, हें आज सिद्ध झालेलें आहे.

या सिद्ध सत्यावर रॉबर्ट हाइनलाइन यांनीं १९५६ सालीं ‘टाइम फॉर द स्टार्स’ ही कुमार-कादंबरी उभारली. टॉम आणि पॅट हे जुळे भाऊ. एकमेकांचे विचार त्यांना कितीहि अंतरावरून क्षणांत कळतात. एकानें तारकायानांतून जावयाचें आणि दुसऱ्यानें पृथ्वीवर राहून निरोप घ्यावयाचे. जावयाचें ठरतें पॅटनें, पण त्याला अपघात होतो आणि टॉम जातो. प्रकाशाच्या जवळपास पोंचणाऱ्या वेगामुळें टॉमचीं थोडींशींच वर्षें जातात, तों पॅटचें आयुष्य सरत येतें. टॉमचा संवाद पुढें पॅटच्या मुलीशीं, मग नातीशीं, मग पणतीशीं होऊं लागतो. परतल्यावर एका तरुणासमोर त्याचा जुळा भाऊ जख्ख म्हातारा होऊन बसलेला असतो. विज्ञानाचा एक नियम कुटुंबांतील माणसांचीं नातीं कशीं विस्कटतो, हें येथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें गणिताच्या पुस्तकांत दिसणार नाहीं. ज्या घरांतून मुलें परदेशीं गेलीं आणि परत येईपर्यंत आईवडील थकून गेले, त्या घरांना ही कथा फार परकी वाटावयाची नाहीं.

मराठींतहि या विषयाला मोठा लेखक लाभला. विश्वरचनाशास्त्रांत जगन्मान्य ठरलेले डॉ. जयंत नारळीकर यांनीं मराठींत विज्ञानकथा लिहिल्या. २०२५ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या एका कथेंत प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे अभ्यासक एका अपघातानंतर अशा जगांत जाऊन पोंचतात कीं जेथें पानिपतच्या लढाईंत मराठ्यांचा जय झालेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगांत त्यांना चाटून जाते. सैन्य खचत नाहीं आणि हिंदुस्थानचा पुढील इतिहास निराळा होतो. परत आल्यावर गंगाधरपंतांच्या खिशांत त्या जगांतील बखरीचें एक फाटकें पान उरतें. ही कथा पुढें इंग्रजींतून अकरावीच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि भारतभरच्या विद्यार्थ्यांनीं ती वाचली. काळ मागें फिरत नाहीं, पण प्रत्येक वळणावर त्याला फांट्या फुटत असतील, हें चौथें उत्तर तिच्यांत आहे. अणुविज्ञानांतील अनिश्चिततेचा त्याला आधार दिलेला आहे.

मराठी मनाला या कथेची ओढ कां वाटते, हें सांगावयास नको. पराभवाला ‘पानिपत’ हें नांव देणाऱ्या भाषेंत ‘तसें झालें असतें तर’ हा प्रश्न अडीचशेंहून अधिक वर्षें पुनः पुनः विचारला जात आहे. परंतु या कथेंत विजयाचा गुलाल नाहीं. त्या दुसऱ्या जगांत गंगाधरपंत आझाद मैदानावरील सभेंत अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि बोलूं लागतात, तेव्हां व्याख्यानांना विटलेले श्रोते त्यांना पिटाळून लावतात. जें जग मिळालें नाहीं तेंहि शेवटीं माणसांचेंच जग असतें, आणि त्यांत आपल्यासाठीं राखलेली जागा असेलच असें नाहीं. ‘असें झालें असतें तर’ म्हणून झुरणाऱ्या तरुण मनाला यापेक्षां हितकर औषध क्वचित्च सांपडेल.

या साऱ्या पुस्तकांचा एकत्र विचार केला म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर मिळतें. कळ दाबतांच सर्व पूर्ववत् होतें, अशा कथा आहेत. नाहींत असें नाहीं. त्यांत नायकाला किंमत द्यावी लागत नाहीं, आणि वाचकाच्या मनांतहि कांहीं उरत नाहीं. असलीं पुस्तकें मुलांनीं वाचलीं तरी त्यांची काळजी करण्याचें कारण नाहीं. तीं लवकरच विसरलीं जातात. जीं पुस्तकें टिकलीं, त्यांत मात्र प्रत्येक कृत्याचा हिशेब चुकता करावा लागतो. शिकारी वाट सोडतो आणि त्याचें जग बिघडतें. पेनेलोपी सर्व जाणते आणि रडते. हॅरीला आपलें काम आपणच करावें लागतें. मार्कस आपल्या चुकीसाठीं आयुष्य देतो. जबाबदारी झटकण्याची शिकवण यांपैकीं एकाहि ठिकाणीं नाहीं.

म्हणून पालकांनीं अशा पुस्तकाकडे संशयानें पाहण्यापेक्षां तें स्वतः वाचावें आणि जेवणाच्या वेळीं त्यावर मुलांशीं वाद घालावा, हें अधिक फलदायी ठरेल. भूतकाळ बदलतां आला असता तर कोणता दिवस बदलला असता, असें मुलानें विचारलें, तर त्या प्रश्नामागें बहुधा एखादी न सांगितलेली गोष्ट असते. ‘असे विचार करूं नयेत’ असें उत्तर मिळालें, तर ती गोष्ट पुनः मनाच्या तळाशीं जाऊन बसेल. आईनें किंवा वडिलांनीं आपलाहि एक दिवस सांगितला, तर ती हळूहळू वर येईल. आणि ज्याची क्षमा मागावयाची राहून गेली आहे असा मनुष्य अजून हयात असेल, तर त्याच्याकडे जाण्यासाठीं यंत्र लागत नाहीं, हेंहि मुलाला त्याच वेळीं उमगेल.

पिअर्सबाईंच्या कादंबरीच्या अखेरीस टॉमला कळतें कीं ज्या घरमालकिणीला तो तुसडी म्हातारी समजत होता, ती वरच्या मजल्यावर एकटी राहणारी मिसेस बार्थोलोम्यू म्हणजेच हॅटी. रात्रीं आपलें बालपण ती स्वप्नांत पाहत असे, आणि त्या स्वप्नांतील बागेंत टॉम जात असे. निरोप घेऊन तो जिना उतरतो, आणि मग मागें वळून धांवत वर जातो, आणि तिला एखाद्या लहान मुलीप्रमाणें मिठी मारतो. ज्या घरांत आजोबा किंवा आजी आहेत, त्या घरांतील मुलांनीं हें पान वाचल्यावर थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवावें आणि त्यांच्या खोलींत जाऊन बसावें. विचारण्यासारखें पुष्कळ आहे, आणि सांगणारें माणूस अजून जागें आहे.